आबा, तुमची शेवटची इच्छा मी सांगून टाकली

आबा, तुम्ही घाई केलीत. दिवाळीपर्यंत थांबला असतात तर मी येणारच होते. तिकीट काढून ठेवलं होतं. लातूरहून गाडी भाड्यानं घ्यायची, स्वतः चालवत गावात आणायची, तुमच्या ओसरीसमोर उभी करायची आणि तुम्ही बाजेवर बसलेले असताना समोर खुर्ची ओढून बसायचं, असं सगळं ठरलं होतं. तुमच्या ओसरीवर बाईमाणूस खुर्चीत बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. बोलायचं काय तेही पाठ होतं. आयर्लंडमध्ये ड्युटीला जाताना गाडीत मी एकटीच असते, तेव्हा ते भाषण मी मोठ्यानं म्हणायची. कितीतरी वर्षं म्हटलंय. सुरुवात नेहमी एकच: "आबा, ओळखलं का मला?"

आणि तुम्ही मेलात. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, असं तुमच्या नातीनं, ऋतुजानं, फोनवर रडत रडत सांगितलं. असं मरण पुण्यवानालाच येतं म्हणतात. मला इतका राग आला की हातातला औषधांचा ट्रे तिथंच ठेवला, कपड्यांच्या खोलीत गेले आणि चादरींच्या ढिगावर बुक्क्या मारल्या. सोबतची नर्स धावत आली. तिला वाटलं मला दुःख झालंय. तिनं मला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. आता तिला काय सांगणार, की बाई, माझा माणूस हातातून निसटला.

मी लगेच निघाले नाही. तुमच्यासाठी कशाला धावत येऊ? पण दोन दिवसांनी ऋतुजाचा पुन्हा फोन आला. या वेळी ती रडत नव्हती, हळू आवाजात बोलत होती. "आत्या, वर्साच्या आतचं बोलून राहिलेत सगळे. धर्माबादकडचं स्थळ हाय. मिरचीचा व्यापार. आत्या, मपलं कॉलेजचं शेवटचं वर्स राहिलंय फक्त." त्याच दिवशी मी रजा टाकली.

वर्षाच्या आत. हे शब्द मला नवे नव्हते, आबा. ते मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकले. तुम्ही माझ्या वडिलांचे, नानांचे, थोरले भाऊ, भावकीत ज्यांचा शब्द खाली पडायचा नाही असे. आई मी लहान असतानाच गेलेली, तुमच्या बायकोनं, मोठीआईनं, मला वाढवलं. नाना गेले तेव्हा मी लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नानांच्या तेराव्याला गोड जेवण झालं, पंगती उठल्या, लोक सुपारी कातरत बसले, आणि तुम्ही मंडपात सगळ्यांसमोर बोललात.

"घरात माणूस गेलं. वर्साच्या आत पोरीचं लगीन उरकलं तर उरकलं, न्हाई तर मंग तीन वर्सं हात लावता येत न्हाई. तवर पोरगी घोडी व्हती. कोण करंल तिला?"

मी दारातून म्हणाले, "आबा, माझं कॉलेज अर्धं राहिलंय."

"न्हाई," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. सुपारीच कातरत होतात.

मुखेड तालुक्यातल्या आपल्या गावात हे सगळ्यांनाच माहीत आहे. घरात मोठं माणूस गेलं की लग्नाच्या वयाची पोरगी वर्षाच्या आत उजवायची, नाहीतर तीन वर्षं मांडव घालायचा नाही. लोक म्हणतात रीत आहे. मला तर दिसलं ते एवढंच की बाप मेल्यावर बापासाठी रडायलाही पोरीला सवड देत नाहीत. नानांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधी माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि देगलूरकडच्या एका घरात मी भाकरी थापत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तरी सांगते, कारण तुम्ही ते कधी नीट ऐकून घेतलं नाहीत. नवरा हात उचलायचा. दारू वगैरे काही नाही हो, शुद्धीत असायचा, म्हणून जास्त लागायचं. पहिल्यांदा पळून आले तेव्हा तुम्ही मला चहा पाजलात, मोठीआईला शिदोरी बांधायला सांगितली आणि त्याच दिवशी स्वतः सोबत येऊन सोडून आलात. मुखेडच्या स्टँडवर तुम्ही मला केळी घेऊन दिलीत. दुसऱ्यांदा आले तेव्हा केळीही नाहीत. "माहेराला पाव्हनी म्हून चार दिस यावं," म्हणालात, "राहायला न्हाई." माझ्या गालावर वळ होते. ते तुम्हाला दिसले, मला माहीत आहे, कारण सगळ्या रस्ताभर तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

तिसऱ्यांदा मी तुमच्याकडे आलेच नाही. लातूरची गाडी धरली आणि जुन्या होस्टेलच्या दारात जाऊन उभी राहिले. आमच्या वॉर्डन खालिदा मॅडम. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या लातूरचं, अत्तराचं दुकान होतं त्यांचं. त्यांनी काहीच विचारलं नाही. "रो नक्को बेटा, पैले खाना खा ले," म्हणाल्या. त्या बाईशी माझं रक्ताचं नातं नव्हतं, जातीचं नव्हतं, धर्माचं नव्हतं. त्यांनी मला सहा महिने आपल्या खोलीत ठेवून घेतलं आणि प्राचार्यांशी भांडून पुन्हा वर्गात बसवलं. तुम्ही गावात सांगितलंत की वैशाली आम्हाला मेली. मग मेलेल्या बाईनं परीक्षा दिली, हैदराबादला नोकरी केली, इंग्रजीची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास केली, आणि आयर्लंडला गेली.

तिथं काय मिळालं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. भाषणाचा अर्धा भाग तोच होता. आता ऐका. आता तुम्हाला उठून गोठ्याकडे जाता येणार नाही.

पहिल्या आठवड्यात मी बँकेत खातं उघडायला गेले. पोरगेल्या कारकुनानं नाव विचारलं, पत्ता विचारला, काम काय ते विचारलं. मग त्यानं पेन खाली ठेवलं. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. वडील कोण, नवरा कोण, सोबत कोण आलंय. तो म्हणाला, झालं. मी विचारलं, एवढंच? तर तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "आणखी काही हवं होतं का तुम्हाला?" मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले आणि हसत सुटले. लोकांना वाटलं असेल, बाई येडी आहे.

मग एक खोली भाड्यानं घेतली. लहानशी, खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. पण तिला आतून कडी होती. मी कडी लावली आणि बाहेरून कुणीच विचारलं नाही की दार कशाला लावलंस. तुमच्या घरात, देगलूरच्या त्या घरात, मला कधी दार लावून बसता आलं नव्हतं, आबा. त्या दिवशी मी संध्याकाळभर काही काम नसताना दार लावून बसले.

माझा घटस्फोट झालाय हे मी तिथं दबक्या आवाजात सांगितलं तर शेजारची बाई म्हणाली, "माझाही झालाय, चहा घेणार?" विषय संपला. गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. चौथ्यांदा परीक्षा घेणारा म्हणाला, आता जमलं. बाईच्या जातीला कशाला गाडी, असं कुणी म्हणालं नाही. मी वाट बघत होते कुणी म्हणतंय का. सवय असते ना.

स्वर्ग नाही तो देश. पाऊस पिरपिर चालूच, महिनोन् महिने कपडे वाळत नाहीत. दिवाळीला एकटीनंच करंज्या तळल्या आणि एकटीनंच खाल्ल्या. एकदा बसस्टॉपवर पोरांनी अंडी फेकून मारली, तुझ्या देशात परत जा म्हणाले. मी घरी येऊन केस धुतले आणि मूग गिळून बसणार होते, पण आमच्या मुख्य नर्सनं माझ्या वतीनं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी पोलीस माझ्या दारात उभा. मी घाबरले. त्यानं टोपी काढली आणि विचारलं, तुम्हाला लागलं तर नाही ना? आबा, माझ्या गालावर वळ होते तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ज्याला माझं नावही धड म्हणता येत नव्हतं अशा परक्या माणसानं तो विचारला. त्या दिवशी मी त्या देशाची झाले. नागरिकत्वाचा कागद पुढे खूप दिवसांनी मिळाला.

कागद मिळाला तेव्हा मोठ्या सभागृहात शेकडो माणसं होती, नाना रंगांची. मी हिरवी इरकल नेसले होते. शपथेच्या मधल्याच एका शब्दावर मी अडले. शेजारी एक सुदानचा म्हातारा होता, त्यानं माझ्या हाताला धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून शपथ पुरी केली. बाहेर येऊन मी मोठीआईला फोन लावला. तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "लेकरा, रडू नको, कुणी काय म्हनलं का?" मी म्हणाले, न्हाई गं, कुणीच काही म्हनत न्हाई इथं, म्हणून तर रडून राहिले.

तुम्हाला वाटेल ही सगळी फुशारकी. हाव, फुशारकीच आहे. तुमच्यापुढं मारायची होती म्हणून जपून ठेवली होती.

आपलं शेवटचं बोलणं आठवतं का? मोठीआई तुम्ही शेतावर गेलात की मला चोरून फोन करायची. एकदा तुम्ही अचानक आलात आणि तिच्या हातातून फोन घेतलात. कितीतरी वर्षांनी तुमचा आवाज कानावर पडला. मला वाटलं आता विचाराल, कशी आहेस. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या म्हाताऱ्यायचं हागनं-मुतनं काढायला इतक्या लांब गेलीस?" मी म्हणाले, "हाव. आणि ते थँक्यू म्हणतेत." तुम्ही फोन ठेवून दिलात. ते भांडण तिथंच लटकून राहिलं.

मला पुढं सांगायचं होतं. आमच्याकडे एक म्हातारा होता, गाईगुरांचा शेतकरी, तुमच्यासारखाच ताठ, तुमच्यासारखाच खेकसणारा. सुरुवातीला माझ्या हातचं खायचा नाही. नंतर चमच्यागणिक थँक्यू म्हणायला लागला. त्याची मुलगी त्याला भेटायला यायची, पण लांब बसायची, कोट अंगातच ठेवून. एक दिवस मी त्याला भरवत असताना तो तिला म्हणाला, शेत तुझ्या भावाला दिलं, तुला विचारलंसुद्धा नाही, चूक झाली माझी. एवढंच. पोरीनं कोट काढून ठेवला आणि जवळ येऊन बसली. मी चमचा हातात धरून तशीच उभी. तोवर मला वाटायचं की म्हाताऱ्या पुरुषांची जीभ तशी वळतच नाही, त्यांचा तरी काय दोष. वळते, आबा. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून तुमच्यावरचा माझा राग दुप्पट झाला. आणि त्या दिवसापासूनच मी तुमच्या फोनची वाट बघायला लागले. हेही सांगून टाकते.

चांगलं काही आठवतच नाही असं नाही. येळवसेला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालून पूजा व्हायची, आणि मग तुम्ही बांधावर उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारायचात. ओळखीचा असो नसो. एसटीच्या ड्रायव्हरला गाडी थांबवून आंबील प्यायला लावलीत एकदा. आतले प्रवासी शिव्या देत होते तर त्यांनाही उतरवून भाज्यांची भज्जी आणि भाकरी खाऊ घातलीत. मला खांद्यावर बसवून तुम्ही आंबिलीचा लोटा वाटत फिरायचात. तुमच्या डोक्यावरून मला सगळं शिवार दिसायचं. मी तिथं दरवर्षी ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील करते आणि साऱ्या वॉर्डाला पाजते. त्यांना ती आवडत नाही, तोंडं वाकडी करून पितात. मी सांगते, माझ्या चुलत्यांची पद्धत आहे, नाही म्हणायचं नाही. परक्यासाठी एवढं मोठं काळीज असलेला माणूस घरच्या पोरीसाठी एवढा कंजूस का झाला, हे मला कळलेलं नाही. ते विचारायचं राहिलं. याबद्दल मात्र मी रडले आहे, आबा. खरंच रडले.

असो. मी हैदराबादला उतरून देगलूरमार्गे आले. गाडी मीच चालवली. ओसरीसमोर उभी केली. बाज रिकामी होती, त्यामुळे मजा आली नाही. दारात तुमचा बॅनर, त्यावर तुम्ही गालातल्या गालात हसताय आणि खाली लिहिलंय, मनमिळाऊ, प्रेमळ. मोठीआई आत कोपरा धरून बसलेली. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "वाळलीस." मग तुमचा मुलगा, ऋतुजाचा बाप, माझा दत्तूदादा, आला. माझ्या गळ्यात पडून रडला. त्याच्याशी माझं वैर नाही. त्याला मी सरळच म्हणाले, दादा, ऋतुजाला शिकू दे.

"मव्हं पन मन न्हाई गं," तो म्हणाला. "पन भावकी काय म्हनंल? रीत आबानंच लावून दिली घरात. तुझ्या टायमाला तेच केलं. आता आबाच्याच माघारी मोडू का?"

बघा. मेलात तरी तुमचाच शब्द चालू.

तेराव्याला धर्माबादचे पाहुणे आले. दुखवट्याला म्हणून आले, पण सोबत मुलाच्या दोन चुलत्या होत्या आणि त्या सारख्या ऋतुजाला पाणी मागत होत्या, चाल बघायला. पोरगी तांब्या घेऊन येत होती, जात होती. तिच्या डोळ्यात पाणीसुद्धा नव्हतं. मला ते डोळे ओळखीचे होते. पंगती उठल्या. सासुरवाडीच्या माणसांनी दत्तूदादाच्या डोक्याला पटका बांधला. तो घरचा कारभारी झाला. तुमच्या भावकीतले ते थोरले बापू, ज्यांना तुम्ही मानायचात, त्यांनी घसा साफ केला.

"दत्तू, आता मनावर घे. वर्साच्या आत पोरीचं हात पिवळं करून टाक. पाव्हनेबी इथंच हायेत. आबाच्या जिवाला शांती भेटंल."

दत्तूदादानं मान खाली घातली. ती हो म्हणायचीच मान होती.

मी उठले. खरं सांगते, उठताना माझ्या डोक्यात दुसरंच होतं. माझं भाषण म्हणायचं होतं, ते पाठ केलेलं, सगळ्या भावकीसमोर तुमची लक्तरं काढायची. पण मग समोरच्या टोप्या पाहिल्या. भाषणानं तुमचा पाणउतारा झाला असता, लोकांनी मला परदेशातून येऊन मेलेल्याला शिव्या देणारी बाई म्हटलं असतं, आणि ऋतुजाच्या हाताला हळद लागलीच असती. या मंडपात एकाच माणसाचा शब्द चालतो, तुमचा. मग म्हटलं, तोच वापरू.

मी बायकांतून पुढे येऊन खुर्चीवर बसले. सगळ्यांनी पाहिलं.

"बापू, शांती असं करून नाही मिळणार," मी म्हणाले. "आबांनी जायच्या आधी मला फोन केला होता."

सुपारी कातरणारे हात थांबले.

"म्हणाले, वैशे, नानाच्या माघारी मी तुझं शिक्षण तोडलं. मव्हं चुकलं. तुझ्या गालावरचे वळ दिसले व्हते मला, तरी तुला माघारी सोडलं. त्याची माफी दे. आता ऋतुजाचं तोडू नका. तिला पुरं शिकू द्या, आणि तुझ्यासारखं तिकडं जायचं म्हनली तर जाऊ द्या. मी ऱ्हाईन न्हाई ऱ्हाईन, ही मपली शेवटची इच्छा समज."

आबा, ज्या माफीसाठी मी इतकी वर्षं फोनकडे बघत बसले, ती मी तुमच्या वतीनं स्वतःच मागितली, स्वतःच्याच तोंडानं, सगळ्या गावासमोर. बोलताना माझा आवाज कापला. तेवढं मात्र खोटं नव्हतं.

थोरले बापू काही कच्चे नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. "आबा तर तुझं नाव बी घेऊ देत नव्हते घरात. तुला फोन कव्हा केला? कुनी ऐकला?"

 धर्माबादच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दत्तूदादानं पटक्याखालून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता माझी अब्रू गेली आणि ऋतुजाही गेली.

तेवढ्यात आतून आवाज आला. "म्या लावून दिला व्हता फोन."

मोठीआई. कोपऱ्यातून उठली नव्हती, दाराआडूनच बोलत होती. मंडपात भर पुरुषांसमोर तिचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "जायच्या आदल्या दिशी. माझ्याच फोनवरून बोलले. लई रडले. म्या जवळच बसले व्हते. बापू, तुमाला माझं पटत न्हाई का?"

नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईला कोण खोटं म्हणणार? बापूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मेलेल्याची इच्छा अडली तर जीव घुटमळतो, हे तर तेच सगळ्यांना सांगत असतात. "मंग विषयच संपला," म्हणाले. दत्तूदादा ढसाढसा रडायला लागला. "आबा मला कव्हाच काही बोलले न्हाईत गं," म्हणत होता. त्याचं वाईट वाटलं मला. त्यालाही तुम्ही तसंच वाढवलंत. धर्माबादचे पाहुणे चहा न घेता निघाले. आणि मग सुरू झालं ते मला सोसवेना. एकेक जण उठून माझ्यापाशी येत होता. "आबा लई मोठ्या मनाचा मानूस." "चूक कबूल करायला जिगर लागती." मी दातओठ खात हात जोडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठीआईला चहा दिला आणि जवळ बसले. विचारलं, "मोठीआई, खोटं कामून बोललीस गं?"

तिनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "जल्मभर चारचौघांत हे म्हनायचे, हिचं बी हेच म्हननं हाय. मला कव्हा इचारलं न्हाई. तुला देगलूरला सोडलं तव्हा बी हेच म्हनले." ती चहा प्याली. "एक बार म्या सांगितलं, ह्यांचं काय म्हननं हाय ते." मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती, आबा. तुमची बायको तुमच्या चौदाव्या दिवशी खांदे हलवून हसत होती, आणि मीही तिच्या मांडीत तोंड खुपसून हसले, मग आम्ही दोघी रडलो.

काल ऋतुजाला लातूरला होस्टेलवर सोडलं. गेटातून आत जाताना ती पळतच गेली, बॅग गाडीत विसरून. मी ती घेऊन मागून धावले. आज हैदराबादच्या विमानतळावर बसून हे लिहितेय. तिचं एक वर्ष राहिलंय. मग परीक्षा, मग बघू. माझ्या घरात एक खोली रिकामी आहे, दाराला आतून कडी असलेली.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. ती माफी मंडपासाठी होती, मनात आणू नका. सूडच घ्यायला आले होते आणि घेऊन चालले आहे. आता त्याचं पुढचं ऐका. निघताना दत्तूदादा म्हणाला की त्यानं शाळेत जाऊन हेडमास्तरांना सांगून टाकलंय. दरवर्षी तुमच्या श्राद्धाच्या दिवशी तुमच्या फोटोला हार घालायचा आणि बारावी झालेल्या गावातल्या पोरींचा सत्कार करायचा. थोरले बापू भाषण करणार, की आबा म्हणायचे, पोरी शिकवा, त्यांना हव्या तिथं जाऊ द्या. लहान लहान पोरी पुढं बसून टाळ्या वाजवतील. तुमचं नाव घेऊन एकेक जण बापाशी भांडेल, एसटीत बसेल आणि जाईल. दरवर्षी. तुम्ही भिंतीवरून बघत राहाल.

आता न्हाई म्हणून दाखवा, आबा.